वजनकाटा बाईला दिवस गेल्यावरच का निघतो?

मागच्या आठवड्यात कर्जतहून ठाकुरवाडीकडे जाणाऱ्या टमटममध्ये शेजारी सासू-सून बसल्या होत्या. (ठाकुरवाडी नावाच्या वाड्या कर्जत-खालापुरात एक नाही, बऱ्याच आहेत. कुठली ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही.) सुनेच्या लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. सासूच्या पिशवीत भगताचा अंगारा आणि दवाखान्याची चिठ्ठी, दोन्ही एकत्र. म्हणाली, "काय करायचं ताई, हिच्यातच खोट हाय. पोराला दुसरी बघावी लागंल."

मी विचारलं, "मावशी, हिचं वजन किती आहे?"

"वजन कशाला? हिला कुठं दिवस गेलेत?"

"आणि मुलाला तपासलं का?"

"त्याला काय झालंय? चांगला धडधाकट हाय. फार्महाऊसवर वॉचमन हाय."

सून पूर्ण वेळ बाहेर बघत होती. हातात बांगड्या सैल, मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं.

मावशीवर राग धरायचं कारण नाही. ती जे बोलली तेच आपलं सरकार करतं. बाईला दिवस गेले की अंगणवाडीत नाव, वजन, रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या, आहार, मातृवंदनेचे पैसे. त्याआधी फारसं काही नाही. किशोरवयीन मुलींसाठीचा आहार आता 14 ते 18 वयाला मिळतो, पण ईशान्येकडची राज्यं सोडली तर फक्त आकांक्षित जिल्ह्यांत. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम, धाराशिव. रायगड त्यात नाही. म्हणजे शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा दिवस जाईपर्यंत वाडीतली मुलगी या आहाराच्या रजिस्टरमध्ये नसते. आणि दिवस गेलेच नाहीत, तर ती त्या रजिस्टरमध्ये कधी येतच नाही.

आता वजनाचा आणि मूल होण्याचा संबंध काय, ते साध्या भाषेत सांगते.

बाईच्या शरीराला मूल वाढवायला साठा लागतो. साठा म्हणजे चरबी. या चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि मेंदूला कळवतं की घरात दाणा आहे. चरबी फार कमी झाली की हा निरोप क्षीण होतो. मग मेंदू बीजकोशांना दिलेली आज्ञा थांबवतो. पाळी लांबते, कधी बंद पडते, कधी पाळी येते पण बीज सुटत नाही. ही खोट नाही, शरीराने केलेली काटकसर आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा नऊ महिन्यांनी तिथले जन्म एकदम घटले. अन्न परत मिळू लागलं तसे जन्मही परत वाढले.

आपल्या वाडीत असा दुष्काळ नाही, पण दरवर्षी ठरलेली ओढगस्त आहे. पावसाच्या तोंडाला घरातलं भात-नाचणी संपत येतं आणि तेव्हाच लावणीचं सगळ्यात कष्टाचं काम येतं. त्याआधी एप्रिल-मेमध्ये डोक्यावरून पाणी. वर्षभर लाकडाची मोळी. माथेरानच्या पोटातल्या वाड्यांमधल्या बाया कामाला डोंगर चढतात आणि संध्याकाळी उतरतात. जेवायला बसतात सगळ्यांच्या शेवटी. रेशनचा तांदूळ असतो, पण डाळ, अंडं, तेल किती? खाणं कमी आणि खर्च जास्त, मग साठा कुठून होणार?

हिशोब घरी करता येतो. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीने दोनदा भागा. उत्तर 18.5 च्या खाली आलं तर वजन कमी. दीड मीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट उंचीच्या बाईसाठी हा आकडा साधारण साडेएक्केचाळीस किलो होतो. आपल्या वाडीत यापेक्षा कमी वजनाच्या बाया तुम्हीच मोजा.

बरं, जादा वजनानेही अडतंच. चरबी फार वाढली की इन्सुलिनचं गणित बिघडतं, बीज वेळेवर सुटत नाही, पीसीओएसचा त्रास बळावतो. अशा बाईने वजनाच्या 5 ते 10 टक्के कमी केलं तरी अनेकदा पाळी ताळ्यावर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या साधारण पाचांतल्या एका बाईचं वजन कमी आहे, आणि चारांतल्या एकीच्या आसपास बायांचं जादा. आपल्या तालुक्यांत हे दोन्ही एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना दिसतं. आत सुट्टीला आलेल्या मॅडम वजन कमी करण्याच्या चिंतेत, बाहेर त्यांचं अंगण झाडणारी चाळीस किलोची.

आता त्या धडधाकट मुलाकडे येऊ. पुरुषाची चरबी वाढली की त्याच चरबीत पुरुषी संप्रेरकाचं बायकी संप्रेरकात रूपांतर होतं आणि शुक्राणू घटतात. फार बारीक पुरुषातही शुक्राणू कमी असू शकतात. वर तंबाखू, दारू, वीटभट्टीची धग. वॉचमनच्या नोकरीत बारा तास खुर्ची आणि वडापाव, म्हणजे पोट सुटायला वेळ लागत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी, बिनदुखीची, स्वस्त तपासणी. तरी ती शेवटी होते किंवा होतच नाही, आणि सुनेला मात्र तीन वर्षं अंगारे. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज दारू-तंबाखू सोडली, वजन सांभाळायला लागलं, तर फरक दिसायला तीन महिने तरी द्यावे लागतात. दुसरी बायको आणून यातलं काहीच सुधारत नाही.

एक धोका मला दिसतो, तोही सांगते. उद्या हीच सासू म्हणेल, "ही बारीक, म्हणून मूल नाही." म्हणजे बाईला मारायला नवी काठी. तसं करू नका. बारीक बायांना मुलं होतात, जाड बायांनाही होतात. गर्भनलिका बंद असणं, थायरॉईड, गर्भाशयाचा क्षयरोग अशी कितीतरी कारणं असतात. वजन हे त्यातलं एक. पण ते असं कारण आहे की जे एका काट्यावर कळतं आणि जेवणाने सुधारतं. म्हणून सुरुवात तिथून करा. आणि दिवस गेले तरी कमी वजनाच्या आईचं बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याची भीती राहतेच. मग कुपोषित बाळाचे फोटो पेपरात येतात आणि आपण हळहळतो. त्या बाळाचं कुपोषण आईच्या लग्नाआधीच सुरू झालेलं असतं.

कोणी म्हणेल, लाडकी बहीणचे 1500 येतात ना? येतात, पण वय 21 झाल्यावर. आणि ते घराच्या किराण्यात आणि टमटमच्या भाड्यात जातात. सुनेच्या ताटात वेगळं अंडं पडत नाही.

मग पैसा कुठून? रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसाचा 5 टक्के निधी इथल्या आदिवासी वाड्यांना मिळत नाही. पण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आपल्याकडे फार्महाऊस आणि रिसॉर्टची घरपट्टी घेणाऱ्या ग्रामपंचायती किती आहेत ते बघा. त्यांच्या 10 टक्क्यांत काय घेतलं गेलं, तेही ग्रामसभेत विचारा.

माझ्या मागण्या तीन. वाडीत लग्न झालं की नवरा-बायको दोघांचं वजन, उंची आणि हिमोग्लोबिन आशाताईंच्या वहीत यावं. वजन कमी असलेल्या सुनेला, दिवस गेलेले नसले तरी, अंगणवाडीत रोज एक पूर्ण जेवण आणि अंडं मिळावं, निदान जून ते ऑक्टोबर. आणि मूल होत नाही म्हणून जोडपं सरकारी दवाखान्यात आलं, तर तपासणी दोघांची एकाच दिवशी सुरू व्हावी.

उतरताना मी मावशींना एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी मुलालाही घेऊन जा." मावशी काही बोलल्या नाहीत. सुनेने मात्र पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

तुमच्या ग्रामपंचायतीत हा विषय कोणी मांडला असेल तर खाली लिहा. नसेल तर येत्या ग्रामसभेत तुम्ही मांडा.