'मोफत' नेत्रतपासणीचे अर्थकारण

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांनी ज्याला नाव दिले, त्या बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये चष्म्याच्या दुकानांना तोटा नाही. 'मोफत नेत्रतपासणी' हे अशा दुकानांचे आवडते घोषवाक्य. परंतु भांडवली बाजारात फुकट काहीच मिळत नसते. तपासणीचा खर्च फ्रेमच्या किमतीत आधीच मिळवलेला असतो. ज्या तंत्रज्ञाची कमाई विक्रीच्या आकड्याला बांधलेली आहे, त्याने 'तुम्हाला चष्म्याची गरज नाही' असे किती वेळा सांगावे अशी अपेक्षा आहे?

हा प्रश्न एखाद्या दुकानदाराच्या सचोटीचा नाही. २०१८ मध्ये एसिलॉर आणि लक्सोटिका या बलाढ्य कंपन्या एकत्र आल्या; काचा आणि फ्रेम यांची जागतिक बाजारपेठ एका छत्राखाली येऊ लागली. आपल्या देशात लेन्सकार्टने २०२५ मध्ये सात हजार कोटींहून अधिक रुपयांची भागविक्री केली. माणसाची अधू दृष्टी ही गुंतवणुकीची सुपीक जमीन ठरली आहे.

दुसऱ्या बाजूने काही वैद्यक व्यावसायिक म्हणतात की, ऑप्टोमेट्रिस्ट हा डॉक्टर नव्हे, तेव्हा प्रत्येकाने थेट नेत्रतज्ज्ञाकडेच जावे. वरवर शास्त्रीय वाटणारा हा युक्तिवाद प्रत्यक्षात जनताविरोधी आहे. नंबर काढणे, चाळिशीचा चष्मा देणे, पडद्यापुढे बसून कोरड्या पडलेल्या डोळ्यांना सल्ला देणे ही कामे चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा केलेला ऑप्टोमेट्रिस्ट उत्तम करू शकतो. अचानक दृष्टी जाणे, असह्य वेदना, डोळ्यात रसायन उडणे, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटणे, ही लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवणे हेही त्याचेच काम आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांत या व्यवसायाला मान्यता दिली. मान्यता कागदावर आहे. वस्तीत मात्र प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट आणि निव्वळ चष्मेविक्रेता यांतील फरक ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही.

या लेआउटला लागूनच बोम्मनहळ्ळीचा वस्त्रोद्योग आहे. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीवरील निर्बंधांविरुद्ध हजारो स्त्री कामगार होसूर रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला माघार घ्यावी लागली, तो हा परिसर. चाळिशी उलटलेल्या शिलाई कामगाराला सुईचे नेढे दिसेनासे झाले की तिची रोजीच धोक्यात येते. शहराच्या जुन्या भागातील सरकारी मिंटो नेत्र रुग्णालय गाठायचे तर दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. मग औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणली जाते. तिच्यात स्टेरॉइड असेल, तर डोळ्यातील जंतुसंसर्ग बळावू शकतो आणि दीर्घ वापराने काचबिंदूही ओढवू शकतो. किरकोळ दुखणे असे मोठे होते.

भांडवलाला मात्र कामगाराचा डोळा वेगळ्याच कारणाने प्रिय आहे. आसामच्या चहामळ्यात चाळीस व त्यावरील वयाच्या कामगारांना जवळचे चष्मे देऊन केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. निष्कर्ष मोलाचा आहे. पण ही वाढलेली पाने कोणाच्या टोपलीत पडली, हे विचारल्याशिवाय तो अपुराच राहतो. दृष्टी ही उत्पादकतेची पुरवणी नव्हे. मुलाचे पाठ्यपुस्तक, वेतनाची पावती आणि सायंकाळचे वर्तमानपत्र वाचण्याचा तो हक्क आहे.

१९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करून भारताने पुढाकार घेतला. परंतु दीर्घकाळ त्याचा भर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांवर राहिला. कर्नाटकातील 'आशाकिरण' योजनेने घरोघरी तपासणी व चष्मेवाटप हाती घेतले, हे स्वागतार्ह आहे. तथापि मोहीम येते आणि जाते. डोळ्यांचा नंबर मात्र बदलत राहतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक शहरी आरोग्य केंद्रात विक्रीशी संबंध नसलेला, वेतनावर नेमलेला ऑप्टोमेट्रिस्ट असावा. त्याच्या कामाची मर्यादा आणि तज्ज्ञाकडे पाठवण्याची शिस्त कायद्याने निश्चित व्हावी. कारखान्यात कामाच्या वेळातच, पगार न कापता वार्षिक तपासणी व्हावी आणि चष्म्याचा खर्च मालकाने सोसावा. घरपोच सेवा देणाऱ्या कामगारांनाही हे संरक्षण मिळावे. कामगार संघटनांनी हा विषय आपल्या मागणीपत्रकात अग्रभागी घ्यावा. तोवर दुकानाच्या पाटीवरील 'मोफत' हा शब्द कामगाराने चष्मा लावून, नीट निरखून वाचावा!