बर्फाखालचीं पंधरा मिनिटें

हिमालयाचें नांव ज्या घरांत कधींच घेतलें जात नाहीं असें घर आपल्याकडे विरळा. सकाळच्या स्नानांत गंगा येते, देव्हाऱ्यांत गंगाजळाचा झाळलेला गडू असतो, आणि घरांतील एखाद्या वृद्ध मातुःश्री "बदरीकेदार घडलें, आतां मागणें कांहीं उरलें नाहीं" असें म्हणून समाधानानें जपमाळ ओढीत असतात. मात्र आपल्या मनांतील या हिमालयाचा बर्फ सदैव दूरच्या शिखरावर असतो. सकाळच्या उन्हांत तो सोन्यासारखा चमकतो आणि यात्रेकरू हात जोडतो. याच बर्फांत कुदळ, फावडें आणि यंत्रें घेऊन पोटासाठीं उभे राहणारे लोक त्या चित्रांत नसतात. या महिन्यांत वाचकभगिनींस व बंधूंस त्यांच्याविषयीं चार शब्द सांगावे असें योजिलें आहे.

बदरीनाथाहून तीनएक किलोमीटर पुढें माणा हें गांव आहे. ज्यांनीं यात्रा केली आहे त्यांना तेथील व्यासगुहा, गणेशगुहा आणि सरस्वतीवरील प्रचंड शिळेचा भीमपूल आठवत असेल. व्यासांनीं महाभारत सांगितलें आणि गणपतीनें लिहून घेतलें तें येथेंच, अशी श्रद्धा आहे. गांव सुमारें ३,२०० मीटर उंचीवर आहे. येथील मूळ रहिवासी भोटिया लोक. कार्तिकाच्या सुमारास बदरीनाथाचीं दारें मिटलीं कीं हे लोक गुरेंवासरें व चीजवस्तु घेऊन खालच्या गांवीं उतरतात, आणि वसंत आल्यावर परततात. त्यांना त्या उतारांचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हिंवाळ्यांत माणा ही राहण्याची जागा नव्हे हें त्यांचें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांतून आलेलें नाहीं.

आणि ज्या ऋतूंत गांवचे लोक गांव सोडतात त्याच ऋतूंत परगांवचे मजूर तेथें राहतात. माण्याच्या पुढें माणा खिंडीकडे, म्हणजे तिबेटच्या सरहद्दीकडे, जाणारा लष्करी महत्त्वाचा रस्ता आहे. तो राखण्याचें व त्यावरील बर्फ काढण्याचें काम सीमा रस्ते संघटना करते. १९६० सालीं स्थापन झालेल्या या संघटनेनें हिमालयांत जे रस्ते बांधले ते पाहून कोणाहि भारतीयास अभिमान वाटावा, यांत शंका नाहीं. परंतु रस्ता बांधणें हें एकदांचें काम आणि रस्ता उघडा ठेवणें हें दर वर्षाचें काम. आणि तें करणारे हात बहुधा बिहार, उत्तर प्रदेश, पंजाब अशा दूरच्या मुलखांतून आलेले असतात. यांपैकीं पुष्कळांच्या गांवीं बर्फ कधीं पडत नाहीं.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजीं पहाटे, दिवस उजाडण्याच्या सुमारास, माणा व बदरीनाथ यांच्या दरम्यान असलेल्या अशाच एका छावणीवर बर्फाचा प्रचंड लोट आला. छावणींत ५४ मजूर होते. आठ पोलादी कंटेनर आणि एक शेड एवढेंच त्यांचें घर. लोटानें तें सारें उचलून फेंकलें आणि पुरून टाकलें. लष्कराचे व इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे जवान जवळ होते म्हणून शोध तत्काळ सुरू झाला. हिमवृष्टि चालूच होती. पहिल्या दिवशीं ३३ जण बाहेर काढण्यांत आले. दुसऱ्या दिवशीं आणखी १७. त्यांपैकीं चौघांनीं प्राण सोडला. उरलेल्या चौघांचीं प्रेतें २ मार्चपर्यंत हातीं लागलीं. एकंदर ४६ वांचले आणि ८ गेले.

या आंकड्यांत एक गोष्ट अशी आहे कीं जिचा उलगडा झाल्याशिवाय बाकीचें कळणार नाहीं. बर्फाखालीं गाडलेला माणूस एक दिवसानंतर जिवंत निघतो कसा? साधारण नियम तसा नाहीं. नियम फार क्रूर आहे. युरोपांतील आल्प्स पर्वतांतील शेंकडों अपघातांचा हिशेब तेथील वैद्यांनीं मांडून ठेवला आहे. त्यावरून असें दिसतें कीं पूर्णपणें गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांच्या आंत बाहेर निघाला तर दहांपैकीं सुमारें नऊ वांचतात. अर्धा तास उलटला कीं तिघांतला एक वांचतो. त्या मधल्या पाव तासांतच बहुतेकांचा निकाल लागतो. मृत्यु येतो तो थंडीनें नव्हे, तर गुदमरून. बर्फांत हवा असते हें खरें; परंतु तोंडातून निघालेल्या ऊन वाफेनें चेहऱ्याभोंवतालचा बर्फ वितळतो, लगेच पुन्हां गोठतो, आणि नाकातोंडाभोंवतीं कांचेसारखा एक मुखवटा तयार होतो. मग हवा असूनहि नसल्यासारखी. शिवाय वाहतांना पिठासारखा वाटणारा हा बर्फ थांबतांक्षणीं असा घट्ट बसतो कीं आंतल्या माणसास बोटसुद्धां हालवितां येत नाहीं.

माण्यास पुष्कळजण वांचले, कारण ते उघड्या बर्फांत नव्हते. कंटेनर मोडले, चेपले, पण त्यांच्या पोलादी भिंतींनीं आंत थोडी हवा राखली. ज्या पेटींत मनुष्यानें राहूं नये तीच त्या दिवशीं कवच झाली. म्हणून कंटेनरचें श्रेय त्यास द्यावें. पण ती पेटी तेथें ठेवावी कीं नाहीं हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं.

आतां हा लोट सुटतो कसा तें पाहूं. (हिमस्खलन असा शब्द वर्तमानपत्रें वापरतात, आम्हांस हिमलोट हा अधिक सुटसुटीत वाटतो.) हिंवाळ्यांतला बर्फ एकदम पडत नाहीं. आज वीतभर, चार दिवसांनीं हातभर, असा तो थरावर थर पडत जातो, आणि प्रत्येक थराचा गुण वेगळा असतो. निरभ्र, कडक थंडीच्या रात्रीं कांहीं थरांतील कणांचें रूप पालटतें. ते एकमेकांस धरून राहण्याचें सोडून दाणेदार साखरेसारखे सुटे होतात. साखरेच्या ढिगावर जाड सतरंजी घालून पाट तिरपा केला तर काय होईल? वर नवा, जड बर्फ पडला, किंवा वाऱ्यानें डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उडवून दुसऱ्या अंगास नेऊन लोटला, कीं खालचा दुबळा थर मोडतो आणि वरची सबंध लादी एका क्षणांत सुटते. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यास सर्वांत सोईचे. त्याहून सपाट उतारावर बर्फ टिकतो. त्याहून उभ्या कड्यावर तो साचतच नाहीं, थोडाथोडा गळून जातो. कोरड्या भुकटीचा मोठा लोट ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें येऊं शकतो. ओरडल्यानें किंवा शीळ घातल्यानें हिमलोट सुटतो ही चित्रपटांनीं पसरविलेली कल्पना खोटी आहे. आवाजांत तेवढा जोर नसतो. जोर असतो तो वजनांत: नव्या बर्फाच्या, वाऱ्यानें आणलेल्या बर्फाच्या, किंवा उतारावर चढलेल्या माणसाच्या वजनांत.

यावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत येईल कीं हिमलोट हा भूकंपासारखा अवचित येणारा पाहुणा नव्हे. कोणत्या उतारावरून तो येतो, किती बर्फ पडल्यावर येतो, कोठपर्यंत धांवतो, याचा अंदाज बांधतां येतो; आणि आपल्या देशांत तो बांधलाहि जातो. १९६९ सालीं मनाली येथें हिम व हिमलोट यांच्या अभ्यासासाठीं संरक्षणखात्यानें एक संस्था काढली. पुढें ती चंदीगडच्या मोठ्या संशोधनसंस्थेंत विलीन झाली. त्या संस्थेनें २७ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळीं, म्हणजे माण्याच्या दुर्घटनेपूर्वीं अवघ्या बारा तासांच्या सुमारास, चमोलीसह उत्तराखंडाच्या उंच जिल्ह्यांतील २,४०० मीटरांवरील भागास चोवीस तासांचा इशारा दिलेला होता. माणा चमोली जिल्ह्यांतच आहे आणि त्या उंचीच्या कितीतरी वर आहे.

दुर्घटनेनंतर "निसर्गाचा कोप" हे शब्द पुष्कळ ठिकाणीं छापले गेले. या शब्दांनीं सर्वांचीच फार सोय होते. ज्ञान होतें, इशारा होता. नव्हती ती इशाऱ्यापासून छावणीपर्यंतची शेवटची पायरी. रात्रींच्या हिमवृष्टींत चोपन्न माणसांना उठवून दुसरीकडे नेणें सोपें नाहीं हें आम्ही जाणतों. म्हणूनच तो निर्णय रात्रीं घेण्याचा नसून छावणीची जागा ठरवितांना घेण्याचा असतो. याच चमोली जिल्ह्यांत, नीती खोऱ्यांतील सुमना येथें, २३ एप्रिल २०२१ रोजीं याच संघटनेच्या छावणीवर हिमलोट येऊन दहांहून अधिक मजूर मेले होते, आणि लष्करानें ३८४ जणांना वांचविलें होतें. त्या दोन तारखांमध्यें चार वर्षेंहि गेलीं नव्हतीं.

येथें मजुराला दोष देणारे लोक भेटतात. "पैसे मिळतात, म्हणून जातात", असें ते म्हणतात. पैसे मिळतात हें खरें. पण मोठ्या पगाराचा अधिकारी काय, आणि रोजंदारीचा मजूर काय, दोघेहि पैशासाठींच जातात. फरक इतकाच कीं आपली झोंपण्याची जागा कोठें असावी हें सांगण्याचा अधिकार त्यांतील एकासच असतो. हौसेनें बर्फांत फिरणारा गिर्यारोहक हवा बिघडली तर माघारी वळतो. मजुरास हवा बिघडली म्हणूनच कामावर जावें लागतें, कारण बर्फ पडला नाहीं तर काढावयाचें काय?

परक्या देशांचें उदाहरण देण्याची आम्हांस फारशी हौस नाहीं, परंतु या विषयांत स्वित्झर्लंडास टाळून चालणार नाहीं. तेथील आंडरमाट गांवानें आपल्या डोक्यावरचें रान तोडण्यास १३९७ सालींच बंदी केली, कारण झाडांनीं बर्फ अडतो हें त्या खेडुतांस ठाऊक होतें. (आपल्या सह्याद्रींतील देवराया आठवाव्या, तेथें राखणदार देव, येथें राखणदार भय.) १९३६ पासून दावोस गांवाच्या वर, डोंगरमाथ्यावर, बर्फाच्या थरांचा अभ्यास करणारी मंडळी बसलेली आहे. तरीहि १९५०-५१ च्या एका हिंवाळ्यांत त्या लहानशा देशांत ९८ माणसें हिमलोटांनीं मेलीं. त्यानंतर त्यांनीं गांवोगांवचे नकाशे रंगविले: तांबड्या पट्ट्यांत घर बांधावयाचें नाहीं, निळ्यांत भिंती भक्कम करून बांधावयाचें. उतारांवर पोलादी कुंपणांच्या ओळी उभ्या केल्या. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, रस्ता बंद करण्याचा अधिकार व गांव रिकामें करण्याची जबाबदारी ठराविक माणसांच्या नांवें लिहून ठेवली. फेब्रुवारी १९९९ मध्यें एव्होलेन येथें बारा माणसें मेलीं, तेव्हां गांवचा अध्यक्ष व सुरक्षेचा अधिकारी यांस न्यायालयानें निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविलें. त्या दोघांविषयीं आम्हांस कींवहि वाटते; त्या महिन्यांत बर्फच असा पडला कीं शेजारच्या ऑस्ट्रियांत सुरक्षित मानलेल्या गाल्ट्युर गांवांत शिरून त्यानें ३१ बळी घेतले. पण "हें कोणाचें काम होतें?" या प्रश्नास तेथें उत्तर असतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें आतां काश्मीर, मनाली, सिक्कीम येथें ऐन बर्फाच्या दिवसांत जातात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठींहि. ४ एप्रिल २०२३ रोजीं सिक्कीममध्यें नाथू-ला खिंडीच्या रस्त्यावर हिमलोटाखालीं सात प्रवासी गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा असतां मंडळी पंधराव्या मैलापर्यंत गेली होती असें अधिकाऱ्यांनीं तेव्हां सांगितलें. मुलांना बर्फांत खेळवावयाचें तर रस्त्याच्या कडेस मोठा उघडा उतार पाहून मोटार थांबवूं नये; अरुंद घळीच्या तोंडाशीं तर मुळींच नाहीं, कारण वरचा सारा बर्फ घळींतूनच खालीं येतो. जोराच्या हिमवृष्टीनंतर एक-दोन दिवस आकाश मोकळें होतें, ऊन पडतें, छायाचित्रें सुरेख येतात. तेच दिवस सर्वांत घाताचे. स्थानिक चालकानें "पुढें नको" म्हटल्यास भाडें दिलें आहे म्हणून त्याच्याशीं वाद घालूं नये.

मजुरांच्या बाबतींत मात्र असा उपदेश निरुपयोगी आहे, कारण त्यांच्या हातीं निवड नाहीं. त्यांच्यासाठीं ज्या गोष्टी हव्यात त्या साध्या आहेत: छावणीची जागा बर्फ पडण्यापूर्वीं जाणत्यानें पाहून ठरवावी, अमुक इतका बर्फ पडला कीं छावणी हलवावयाची असा लेखी नियम असावा, आणि तो पाळल्याबद्दल कोणाची मजुरी कापली जाऊं नये, प्रत्येकाच्या अंगावर संदेश धाडणारें लहानसें यंत्र व छावणींत शोधाच्या लांब काठ्या व फावडीं असावींत. पंधरा मिनिटांत दिल्लीहून कोणी येत नाहीं. शेजारच्या कंटेनरमधला जो वांचतो तोच पहिला धांवणारा, आणि त्याच्या हातांत फावडें आहे कीं नाहीं एवढ्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. अशा यंत्राची किंमत बर्फ काढणाऱ्या एका मोठ्या यंत्राच्या किंमतीपुढें अगदींच किरकोळ आहे.

२०२५ च्या वैशाखांत, ४ मे रोजीं, बदरीनाथाचीं दारें उघडलीं. माण्याचे लोक आपल्या घरीं परतण्याचा तोच हंगाम, आणि यात्रेकरूंना रस्ता मोकळा मिळाला.