पायाखालचा तिसरा भिडू

टेनिस हा दोघांचा खेळ आहे असे म्हणतात. मला ते पटत नाही. त्यात एक तिसरा भिडू असतो आणि तो दोघांच्याही पायाखाली पसरलेला असतो.

विंबल्डनला हा भिडू हिरवा. १८७७ पासून तेथे गवतावरच खेळतात. स्पर्धेच्या दिवसांत गवत आठ मिलिमीटर ठेवायचे, हा शिरस्ता. त्यावर चेंडू टप्पा पडताच फारसा उसळत नाही, सुसाट घसरतो. सणसणीत सर्व्हिस करणाऱ्याचे तेथे फावते.

पॅरिसच्या रोलाँ गारोसवर सारेच उलटे. हे नाव कोणा टेनिसपटूचे असेल असे वाटते. पण ते आहे १९१३ साली विमानाने भूमध्य समुद्र ओलांडणाऱ्या आणि १९१८ साली युद्धात कामी आलेल्या वैमानिकाचे. डेव्हिस कपसाठी १९२८ साली हे मैदान बांधले. तेथली प्रसिद्ध लाल माती ही माती नव्हेच. चुनखडीच्या थरावर पसरलेला तो विटांचा चुरा, जाडी अवघी एकदोन मिलिमीटर. पण त्या चिमूटभर चुऱ्याची करामत अशी की चेंडू मंदावतो, उंच उसळतो आणि चिवट गडी तो पुन्हा पुन्हा परतवतो. शिवाय चेंडूचा ठसा उमटतो. वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरून तो पाहतो. २०२५ मध्ये विंबल्डनने रेषेवरचे पंच काढून यंत्रे आणली. पॅरिसने त्या वर्षीही माणसांवर आणि मातीच्या साक्षीवर विश्वास ठेवला.

पीट सॅम्प्रस विंबल्डन सात वेळा जिंकला. पॅरिसला त्याला अंतिम फेरीसुद्धा लाभली नाही. नदाल पॅरिसला चौदा वेळा जिंकला, विंबल्डनला दोनदा. तेव्हा थोर कोण, असे कोणी विचारले तर आपण आधी विचारावे, "कुठे?" २००७ साली मायोर्का बेटावर तर जाळीच्या एका बाजूस गवत आणि दुसऱ्या बाजूस लाल माती घालून फेडरर व नदाल यांना खेळवले. बाजू बदलली की बूटही बदलायचे! नदाल जिंकला, पण तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत घाम गाळून.

कोल्हापूरकडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. तांबड्या मातीत घडलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला मॅटवर उतरले, ती त्यांना सवयीची नव्हती, सहावे आले. मग १९५२ साली हेलसिंकीला त्याच मॅटवर त्यांनी कांस्यपदक मिळवले.

पण आता हा तिसरा भिडू मुका होत चालला आहे. १९७४ पर्यंत चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन गवतावर होत. अमेरिकेने १९७५ मध्ये गवत सोडले आणि तीन वर्षांनी टणक कोर्ट पत्करले. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये तेच केले. आपल्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची स्पर्धा झाली, तीही टणक कोर्टावरच.

कोणी म्हणेल, यात वाईट काय? टणक कोर्टाला ना पाणी घालावे लागते, ना ते कापावे लागते. चेंडूही सर्वत्र सारखा उसळतो. खरे आहे. मीही वर्गात प्रमाण मराठी शिकवतो आणि तिचेच गुण देतो. ती नसती तर वऱ्हाडच्या मुलाने लिहिलेले कोकणातल्या मुलीला कसे कळावे? पण दोन वर्षांत ती मुले आपली बोली बोलायला लाजू लागतात, तेव्हा शिकवून आपण नक्की काय कमावले, असा प्रश्न मला पडतो. सोय हवीच. मात्र सोयीसाठी सारे जग एकाच रंगात रंगवले, तर सॅम्प्रसला घडवणारी हिरवळ आणि नदालला घडवणारी माती उद्याच्या पोरांना कोठून मिळणार?

विंबल्डनची स्पर्धा संपली की तेथले माळी तुडवलेली कोर्टे दुरुस्त करतात, नवे बी पेरतात आणि पुढल्या वर्षाची वाट पाहतात. खर्चाचे काम आहे, कटकटीचेही आहे. पण बोली काय किंवा हिरवळ काय, अशी दरसाल पेरली तरच टिकते.