४५ सेकंदांचा श्वास
‘सबनॉटिका’ हा व्हिडिओ गेम सुरू होतो तेव्हा हाताशी असतो फक्त ४५ सेकंदांचा श्वास. ‘ऑरोरा’ हे यान परक्या ग्रहावरच्या समुद्रात कोसळलंय आणि आपण तळाशी तांबं शोधतोय. चुनखडीचा एक गोळा फोडला, दुसरा फोडला. वर पाहावं तर पाण्याचं छत उजळ, पण लांब. अशा वेळी मी खुर्चीत बसल्या बसल्या खरोखरच श्वास रोखून धरतो. पुढे हवेची टाकी मिळते, मग छोटी पाणबुडी. ती २०० मीटरपर्यंत उतरते आणि उजेड मागे राहत जातो. ‘रीपर’ या अजस्र समुद्री प्राण्याचं धूड दिसण्याआधी त्याची आरोळी ऐकू येते. नेमकी कुठून, ते कळत नाही. २०१८ साली पूर्ण रूपात आलेल्या या खेळात बंदूक मात्र नाही. अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी ती मुद्दाम टाळली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. समोरच्या जिवाला सहजासहजी मारता येत नाही म्हटल्यावर आपण त्याच्याकडे नीट बघायला लागतो: तो कुठे फिरतो, कधी वळतो, किती अंतर राखलं तर आपल्याला जाऊ देतो.