वाळू जनतेची, चुंबक कोणाचे?

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि आमच्या वाहन-कारखानदारांना एकाएकी स्वावलंबनाचा पुळका आला. वस्तुतः चुंबकाचा मुख्य आधार असलेले निओडिमियम त्या यादीत नव्हते. चुंबकाने उष्णता सोसावी म्हणून त्यात मिसळावयाचे डिस्प्रोसियम मात्र होते, आणि तेवढ्यानेच चुंबकांची आयात अडली.

निओडिमियम हा चंदेरी धातू, अणुक्रमांक ६०, हवेत काळवंडून खपल्या धरणारा. १८८५ साली ऑस्ट्रियन रसायनज्ञ कार्ल आउअर यांनी तो वेगळा काढला. काचेला जांभळी छटा देणे आणि लेसर किरण निर्माण करणे हे त्याचे उपयोग आहेतच. परंतु १९८० नंतरच्या दशकात जपानमधील सुमितोमो व अमेरिकेतील जनरल मोटर्स यांनी लोखंड व बोरॉन यांच्याशी त्याचा संयोग घडवून आजवरचे सर्वांत बलवान कायम चुंबक सिद्ध केले. विद्युत वाहन आणि पवनचक्की त्यावर चालतात. ‘दुर्मिळ’ हे विशेषण फसवे आहे. भूकवचात हा धातू शिशापेक्षा अधिक आहे. दुर्मिळ आहे ते त्याला सारख्याच गुणधर्माच्या भावंडांपासून द्रावकांच्या शेकडो टप्प्यांतून वेगळे काढण्याचे कसब.

हे कसब आपल्याजवळ नव्हते काय? त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळू विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील गॅसबत्तीच्या मँटलसाठी जहाजे भरभरून गेली. स्वतंत्र भारताने १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन केली आणि १९५२ मध्ये केरळात अलुवा येथे कारखाना उभारला. म्हणजे चुंबकाचा शोध लागण्याच्या तीस वर्षे आधी या विद्येचा पाया सार्वजनिक क्षेत्राने घातला होता. पुढे चिनी माल स्वस्त झाला, ‘परवडत नाही’ हा मंत्र दिल्लीत घुमू लागला आणि २००४ च्या सुमारास ते उत्पादनच थांबले. अमेरिकेनेही हेच केले: जनरल मोटर्सने आपला चुंबक-व्यवसाय १९९५ मध्ये चिनी भागीदार असलेल्या गटाला विकला, माउंटन पासची खाण २००२ मध्ये बंद पडली. नफ्याच्या वार्षिक ताळेबंदात वीस वर्षांनंतरच्या गरजेचा रकाना नसतो.

आता नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जागतिक निविदेतून निवडलेले पाच उद्योग वर्षाला ६,००० टन चुंबक बनवतील. हिशेब करून पाहू. अशा चुंबकात सुमारे ३० टक्के निओडिमियम व त्याचा जोडीदार प्रासिओडिमियम असतो. म्हणजे १,८०० टन धातू लागेल. भारताचे सर्व दुर्मिळ मृदा ऑक्साइडांचे वार्षिक उत्पादन २,९०० टनांच्या आसपास असून त्यात या दोघांचा वाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक नाही. उरलेला धातू कोठून येणार? अर्थात परदेशातून, बहुधा चीनमधूनच. सुमारे ६९ लाख टनांचा साठा पायाखाली असताना जनतेच्या पैशाने आयात धातूवर चालणारे कारखाने पोसावयाचे, यास स्वावलंबन म्हणावयाचे काय?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. अनुदानाचा पहिला रुपया विलगीकरणाच्या सार्वजनिक कारखान्याला मिळावा. खाजगी उद्योगाला मदत दिल्यास तेवढा भागभांडवलाचा हिस्सा राष्ट्राकडे यावा. सार्वजनिक मालकी हीच पुरेशी, असेही समजू नये. कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाडच्या मच्छीमारांनी २०१८-१९ मध्ये आंदोलन केले ते सरकारी कंपन्यांच्या वाळू-उपशाविरुद्ध. चीनमधील बाओटौच्या शेतकऱ्यांनी विषारी गाळाच्या तलावाशेजारी काय भोगले, हेही जगाने पाहिले आहे. मोनाझाइटमध्ये किरणोत्सर्गी थोरियम असते. कामगारांच्या आरोग्याची हमी आणि किनाऱ्यावरील ग्रामसभांची संमती यांवाचून फावडे चालू नये.

हा प्रश्न वाहनधंद्याचा खाजगी प्रश्न आहे, असे समजून कार्यकर्त्यांनी तो सोडून देऊ नये. वाळू जनतेची आहे, पैसाही जनतेचाच आहे. मग चुंबकावरील नफा तेवढा पाच जणांचा का, हे संसदेत आणि कारखान्यांच्या दारांवर विचारले गेले पाहिजे.