आधी पॅडल काढा

रायपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाळी शिबिरातला सायकलचा तास सकाळी आठच्या आत उरकायला हवा. कॅरिअर धरून मागे धावायची जुनी रीत मात्र सोडावी. पाना घेऊन पॅडलच काढावीत (डाव्याचे आटे उलटे असतात), दोन्ही पाय टेकतील इतकी सीट खाली घ्यावी आणि पोरांना जमीन रेटत जाऊ द्यावं. सायकल कलते त्याच बाजूला हँडल वळवायचं, हे मग अंगालाच कळतं. १८१७ सालची कार्ल द्राईस यांची दुचाकीही बिनपॅडलचीच होती. छत्तीसगडात सरस्वती सायकल योजनेतून नववीतल्या पात्र मुलींना मोफत सायकल मिळते. म्हणून शिबिरांत सहावी-सातवीच्या मुलींना आधी घ्यावं. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळानेही हे मनावर घ्यावं.