वायूची साक्ष किती ग्राह्य?

१० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ या दीर्घिकेच्या मध्यातील कृष्णविवराचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर झळकले. नारिंगी कडे आणि मधोमध काळोख. त्याच दिवशी एका जुन्या वादाचा निकालही लागला होता. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

वाद होता त्या कृष्णविवराच्या वस्तुमानाचा. एम ८७ ही कन्या राशीतली, सुमारे ५.५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली सक्रिय दीर्घिका. तिच्या केंद्रातून निघणारा सरळ झोत हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच नोंदवला होता. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीला केंद्राभोवती तप्त वायूची चकती दिसली. असा वायू ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश टाकतो. चकतीची जी बाजू आपल्याकडे येते तिच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाणाऱ्या बाजूच्या तांबड्याकडे. सोनोग्राफीत रक्तप्रवाहाचा वेग ज्या डॉप्लर तत्त्वावर मोजतात, तेच हे तत्त्व. फक्त तिथे ध्वनी असतो, इथे प्रकाश. केंद्रापासून ६० प्रकाशवर्षांवर वायूचा वेग निघाला सेकंदाला सुमारे ५५० किलोमीटर. एवढ्या वेगाच्या वायूला धरून ठेवायचे तर मध्यभागी काहीतरी अतिप्रचंड हवे. त्यावरून २४० कोटी सूर्यांइतके वस्तुमान काढले गेले. २०१३ मध्ये वायूवरूनच केलेल्या नव्या मोजणीत ते ३५० कोटी आले. पण २०११ मध्ये ताऱ्यांच्या गतीवरून आकडा आला होता ६६० कोटी, म्हणजे जवळजवळ दुप्पट!

तारा गुरुत्वाकर्षणाखेरीज सहसा कुणाचे ऐकत नाही. वायूचे तसे नाही. शेजारच्या वायूचा दाब, चुंबकीय क्षेत्र, केंद्रातून सुटलेला झोत, सगळेच त्याला ढकलत असतात. शिवाय डॉप्लरने कळतो तो फक्त आपल्या दिशेचा वेग. चकती किती कललेली आहे हा अंदाज चुकला की पुढचे गणितही चुकते. सोनोग्राफीतही प्रोबचा कोन चुकला की वेगाचा आकडा चुकतो, हे तिथे काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

वस्तुमान ३५० कोटी असते तर २०१९ च्या चित्रातले कडे जवळपास निम्म्या आकाराचे दिसले असते. कड्यावरून वस्तुमान निघाले ६५० कोटी. तारे बरोबर ठरले.

म्हणून वायूची साक्ष फेटाळायची का? ते परवडणारे नाही. दूरच्या क्वेसारांमध्ये केंद्राच्या झगमगाटात तारे दिसेनासे होतात. हाती उरतात त्या बहुतेक वायूच्याच रेषा. तिथल्या कृष्णविवरांचे बातम्यांत छापून येणारे आकडे बहुधा याच रेषांवर उभे असतात, पण ते कसे मोजले आणि त्यात किती चूक संभवते, याचा एक शब्दही सोबत नसतो. रक्ततपासणीचा अहवाल असा कुणी स्वीकारेल का?

वायू प्रत्येक वेळी फसवतो असेही नाही. एनजीसी ४२५८ या दीर्घिकेत पाण्याच्या वाफेतून येणाऱ्या रेडिओलहरींवरून १९९५ मध्ये वेग मोजले गेले. चकती पातळ, आपल्याला जवळजवळ कडेने दिसणारी. केंद्रापासून दूर जावे तसा वेग सूर्याभोवतीच्या ग्रहांप्रमाणेच, अगदी केप्लरच्या नियमाबरहुकूम कमी होत गेलेला. तिथल्या कृष्णविवराचे सुमारे ४ कोटी सूर्यांचे वस्तुमान आज सर्वांत भरवशाच्या मोजमापांपैकी एक मानले जाते.